पत्त्यातला जुना जिल्हा

उदगीरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत गौरम्माबाई चौथीला शिकवत. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली आणि नेमका तेव्हाच कृत्रिम बुद्धिमत्तेचा धडा आला. शाळेतला संगणक बंद पडलेला. मग बाईंनी रुद्राणी नावाच्या मुलीलाच यंत्र केलं.

"यंत्राला आपलं आपण काहीच ठाऊक नसतं. आपण दाखवू तेवढंच त्याला कळतं," त्या म्हणाल्या. पोरांनी रुद्राणीला केळ्यांची वीस चित्रं दाखवली. सगळी पिवळी. मग बाईंनी हिरव्या कच्च्या केळ्याचं चित्र पुढं केलं.

"हे केळं न्हाई," यंत्रानं सांगितलं.

वर्ग खदखदून हसला. रुद्राणीचे डोळे भरले. बाई तिच्याजवळ बसल्या आणि स्वतःच्या चौथीच्या वर्षाची गोष्ट सांगू लागल्या.

उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा नवा झाला होता, गाव त्यात गेलं होतं आणि गावात दुष्काळ होता. त्यांचे आप्पा, संगप्पा, केळीच्या बागेत कामाला अर्धापूरला निघाले. त्यांना लिहिता येत नव्हतं. गौरम्मानं दहा पोस्टकार्डांवर घरचा पत्ता लिहून दिला. मजकूर तिथं कुणीतरी लिहील.

महिना गेला, कार्ड आलं नाही. मग एक दिवस आप्पाच दारात उभे राहिले, पायांना भेगा पडलेल्या. "बोलावलं तरी आला न्हाई तुम्ही," एवढंच बोलून ते ओट्यावर टेकले. कार्ड आलं ते त्यानंतर चार दिवसांनी. 'इथं पाणी हाय, समदे या.' पत्त्यात गौरम्माच्याच अक्षरात जिल्हा उस्मानाबाद होता, म्हणून ते तिकडून फिरून आलं होतं.

ती रडत शेषेराव गुरुजींकडं गेली. गुरुजींनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "दुसरीपासून मीच तुमच्याकडून हा जिल्हा गिरवून घेतला. हात दुसरं काय लिहिणार, बाळ? दोष तुझा न्हाई." त्यांनी फळ्यावर नवा पत्ता लिहिला आणि संध्याकाळपर्यंत शेजारी बसून तिच्याकडून तो लिहून घेतला.

घरी येऊन तिनं आप्पांना खरं सांगितलं.  आप्पा म्हणाले, "उद्या समदेच निघू." चार महिने ती अर्धापूरच्या शाळेत शिकली. बागेत पाटाचं पाणी वाहायचं, त्यात पाय सोडून ती आप्पांच्या डब्यातली भाकरी खायची. तसं पोट भरून जेवण त्या वर्षात दुसरं झालं नव्हतं.

बाईंची गोष्ट संपली. आप्पांना जाऊन आता बारा वर्षं झाली होती.

"मग यंत्र चुकलं तर त्याला रागवायचं न्हाई का?" रुद्राणीनं विचारलं.

"आधी आपण त्याला काय दाखवलं, ते बघायचं."

रुद्राणीनं डोळे पुसले. मागच्या बाकावरचा वीरण्णा उठून म्हणाला, "बाई, आमच्या परड्यात तांबडी केळी हायत. उद्या आणू?"

"आण," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोपलीभर आणली.