उतरत्या बोलीचा लिलाव

माझ्या थोरल्या जाऊबाई लिलाव पुकारतात. जुनी कपाटं, झुंबरं, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांची आरामखुर्ची. देवानं त्यांना असा गळा दिलाय की तीन पायांचं टेबलही चार पायांच्या भावात जातं. त्यांचं तोंड मिटलेलं मी दोनच वेळा पाहते. एक झोपेत, तेही शपथेवर सांगत नाही. दुसरं, हातोडी पडल्यावर. लिलावघराचा नियमच आहे की लाकडी हातोडी टेबलावर आपटली की सौदा झाला, मग कुणी अवाक्षर काढायचं नाही. दुसऱ्यांना दटावून दटावून तो नियम जाऊबाईंच्याच हाडात मुरलाय. ‘ठक्’ झालं की त्यांचे ओठ आपोआप मिटतात.

तिसरी वेळ अर्धशिशीची. ती मी मोजत नाही, कारण ती वैऱ्यावरही येऊ नये. उजव्या डोळ्यामागे कुणी घण घालतंय असं त्यांना होतं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वाससुद्धा नको. एकच गोळी त्यांना माणसात आणते आणि नेमकी तीच गोळी डॉक्टर बंद करायला निघाले होते.

झालं असं की गेल्या खेपेला त्यांनी जाऊबाईंचं बीपी बघितलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. म्हणाले, “ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. बीपी एवढं चढलेलं असेल तर मला ती देता येणार नाही. आठवडाभर रोज सकाळी घरी मोजा. पाठ टेकून, पाय जमिनीला, आधी पाच मिनिटं शांत बसून. सोमवारी या, मग ठरवू.”

गोळी नाही म्हणजे अंधारी खोली. आणि अंधारी खोली म्हणजे शनिवारचा मोठा लिलाव मालकांच्या भाच्याकडे.

“तो भाचा!” जाऊबाई मला म्हणाल्या. “त्याला ऐकलंयस का, धाकटे? झुंबर विकायला लागला की वाटतं शोकसभा चाललीय. एकदा हातोडी त्याच्या हातात गेली ना, की परत मिळवायला मलाच बोली लावावी लागेल.”

मोजायचं काम माझ्याकडे आलं. माझं रोज दुपारपर्यंत मौन असतं, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, म्हणाले, “बरं झालं. घरात एक तरी माणूस गप्प बसणारं आहे.” भाऊजी चष्म्याच्या दुकानात बसतात, आणि आकडा दिसला की मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

पहिल्या सकाळी मी जाऊबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, ओठांवर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. पट्टा घुरघुरत फुगला. आकडे चढू लागले.

“एकशे वीस,” भाऊजींनी वाचलं.

झालं! जाऊबाईंच्या डोळ्यांत दिवे लागले. “एकशे वीस? फक्त एकशे वीस? अहो, घरंदाज बाईचं रक्त आहे, नीट बोला!”

“एकशे चाळीस!”

“एकशे चाळीस, खिडकीपाशी चष्मेवाले! एकशे साठ कोण म्हणतंय?”

“एकशे ऐंशी!” भाऊजी उभेच राहिले.

मग हवा सुटून आकडे उतरायला लागले तसा जाऊबाईंचा चेहरा पडला. “अरे अरे, भाव कोसळतोय. सावरा कुणीतरी!”

मशीन शेवटी एकशे अडुसष्टवर थांबलं. मी कपाळावर हात मारून घेतला. मौनात तेवढंच करता येतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना बाहेर काढलं. पाटीवर ‘बोलू नका’ असं लिहून मी जाऊबाईंसमोर धरलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या दिवशी त्या गाल फुगवून बसल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फुस्सकन हसल्या. मग मीही हसले. पट्टा फुगतोय, आम्ही दोघी पोट धरून हसतोय, आणि आकडा माडीवर. हसण्यानं मौन मोडतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

दुपारी मौन सुटल्यावर मी म्हटलं, “ताई, बोलण्यानं आकडा चढतो. तुम्ही गप्प बसल्याशिवाय खरं काय ते कळणार कसं?”

“अगं, मला का कळत नाही?” त्या एकदम हळू बोलल्या. “पण गप्प बसलं की मला माझं डोकं ऐकू येतं. आता पुढचा घाव कधी, आता कधी, याची वाट बघत राहते. बोलते तेवढा वेळ विसरते बघ.”

मी मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. जाऊबाईंची लिलावाची पिशवी माझ्या मांडीवर होती. डॉक्टरांनी पट्टा बांधला. “पाच मिनिटं शांत बसायचं हं,” म्हणाले, आणि ती शांतता त्यांनाच सोसेना.

“ते लंबकाचं घड्याळ आहे का हो शनिवारी?”

“आहे की. अक्रोडाचं. पण तुम्हाला नाही झेपायचं,” जाऊबाई म्हणाल्या.

“का नाही झेपायचं?”

“गेल्या वेळी दोन बोलींत पळालात.”

“पळालो नाही! पेशंटचा फोन आला होता!” डॉक्टरांनी तावातावानं बटण दाबलं.

“असा कसा नेमका मेला फोन येतो?”

“एकशे सत्तर!” भाऊजींना राहवलं नाही.

समोर जाऊबाईंची गोळी चालली होती, शनिवार चालला होता, आणि माझ्या तोंडाला कुलूप. हात पिशवीत कधी गेला, देव जाणे.

ठक्!

डॉक्टरांच्या टेबलावर हातोडी पडली. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. बाहेर खोकणारा माणूससुद्धा खोकायचा थांबला. आणि जाऊबाईंचे ओठ मिटले. खांदे खाली आले.

मी त्यांचा मोकळा हात हातात घेतला आणि माझ्या श्वासाबरोबर हळूहळू दाबत राहिले. मनात म्हटलं, वाटच बघायची तर घावाची कशाला, माझ्या बोटांची बघा. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी खुणेनंच ‘आता?’ विचारलं आणि पुन्हा बटण दाबलं. भाऊजींचे ओठ हलले. मी हातोडी नुसती उचलली, तर त्यांनी चष्माच काढून खिशात ठेवला.

एकशे बेचाळीस. डॉक्टरांनी थांबून परत मोजलं. एकशे चाळीस.

“बोलू का?” त्यांनी मला कुजबुजत विचारलं. मी मान डोलावली.

“थोडं जास्त आहे, नाही असं नाही. अर्धशिशी आणि बीपी पुष्कळदा एकमेकांचं बोट धरून येतात. रोज घ्यायची एक गोळी देतो. ती बीपी उतरवते, आणि बऱ्याच जणांची अर्धशिशीही कमी करते. तुमची जुनी गोळी तूर्त राहू दे. पण जपून. घरी आकडा चढला तर ती थांबवायची आणि मला फोन.”

“आणि शनिवार?” जाऊबाईंनी हातोडीकडे बघत विचारलं.

“शनिवारी मी पहिल्या रांगेत.”

शनिवारी सकाळी जाऊबाई पाठ टेकून बसल्या. मी ठक् केलं. स्वयंपाकघरात भाऊजींनी पडतं भांडं झेललं आणि ते तसंच धरून उभे राहिले. मी बोटं दाबत राहिले. पट्टा फुगला, ओसरला.

एकशे छत्तीस. मी पट्टा सोडला, हातोडी त्यांच्या हातात दिली.

जाऊबाईंनी एक डोळा उघडला. “एवढा उंची माल आणि फक्त एकशे छत्तीस?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा फुलला. “कुणी आणखी खाली येतंय का? एकशे तीस? एकशे तीस एक वार...”

“एकशे अठ्ठावीस!” आतून भाऊजी, चष्म्याशिवाय.

“एकशे अठ्ठावीस, भांडीवाले! आणखी खाली? दोन वार...”

दुपारला अजून अवकाश होता. मी एक बोट वर केलं, मग दोन, मग मूठ. एकशे वीस.

लिलावात मुक्याचीही बोली धरतात.