चंद्रीचा पाहुणचार

केराबाईला लग्नात बापानं मेंढी दिली होती. ती केव्हाच गेली. तिच्या वंशातली शेवटची ही चंद्री. भाऊ तर सणालाही बोलवत नव्हते, तेव्हा सांगोल्याजवळच्या त्या वस्तीवर केराबाईचं माहेर उरलं होतं ते एवढंच, चार पायांचं.

डबक्यातलं पाणी पिऊन चंद्रीला हगवण लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायची आपल्याकडं रीत नाही. शेजारची नागव्वा पदरात मका घेऊन आली. पलीकडच्या हरिबानं भाताचं पातेलं आणलं. हरिबा एरवी उसना विळाही देत नाही. पण सुनेच्या डोहाळजेवणाचा भात उरला होता आणि आंबायला लागला होता. ज्यानं त्यानं पुण्य आपल्या नावावर जमा केलं, खर्च चंद्रीच्या पोटात पडला.

पोट फुगलं, हगवणीत रक्त दिसलं, तेव्हा केराबाईच्या नवऱ्यानं, मायाप्पानं, गुरांच्या डॉक्टर राजश्रीबाईंना आणलं.

"आतड्याचं आतलं नाजूक अस्तर सोलून निघालंय," त्या म्हणाल्या. "आधी जंतूंनी पोखरलं, वरून हा दाणा अन् भात पोटात आंबला. आता हे औषध अन् थोडा वाळका कडबा, बस."

"भाकरीचा तुकडाबी न्हाय?" केराबाईनं विचारलं.

"नाही म्हणजे नाही, मावशी."

मायाप्पा काठी घेऊन दारात बसला. नागव्वा पुन्हा मका घेऊन हजर.

"मुक्या जिवाला उपाशी मारतोस व्हय रं? बायकोचं माहेर डोळ्यांवर आलं की काय?"

"तुज्या मक्यानंच चाललीया ती. जा की घरला!"

नागव्वा फणफणत गेली. पण पदरातला एक दाणाही सांडू दिला नाही.

संध्याकाळी चंद्री धडपडत उठली आणि केराबाईच्या ओच्यात तोंड घालून हुंगू लागली. रोज तिथं तिच्यासाठी भाकरीचा तुकडा असायचा. केराबाईनं रिकामा तळहात पुढं केला. चंद्रीनं तोच चाटला. केराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो काठीनं भुई उकरत राहिला.

सकाळी राजश्रीबाईंनी चंद्रीची पापणी उलटून पाहिली आणि भरलेली सुई पिशवीत परत ठेवली.

"आता देऊ का वं?" केराबाईनं विचारलं.

"द्या."

केराबाईनं चूल पेटवली, भाकरी थापली, भाजली, फुंकून फुंकून निववली आणि तुकडा चंद्रीच्या नाकाशी धरला. श्वासानं भाकरीचा पापुद्रा तेवढा हलला. तोंड काही उघडलं नाही.