एका पुस्तकाची जागा

माझ्या दादाच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर पुस्तकं आहेत. निळी वरच्या फळीवर, तांबडी खाली आणि मधे पडद्यांना शोभतील अशी बदामी. ती तिरकी पडतात म्हणून वहिनीने सुताराकडून सगळी फळीला चिकटवूनच घेतली. सुताराने भीत भीत विचारलं, "वाचायला काढायची झाली तर?"

"काढायची कशाला?" दादा म्हणाला.

माझी भाची बिट्टी आठ वर्षांची. तिच्या वाढदिवसाला मी एका गोष्टीचा पहिला भाग दिला होता. त्याच्या शेवटी नावाड्याची मुलगी विहिरीत उतरते आणि दोर तुटतो. पुढचे दोन्ही भाग घरातच होते, वरच्या फळीवर, कारण त्यांचा रंग निळा होता.

"आत्या, ती वर येते का गं?" बिट्टी मला दर फोनला विचारायची. बापाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "शोभेच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

अशात सोसायटीने 'वाचनवेडं घर' अशी स्पर्धा काढली. दादाला चेव आला. 'पुस्तकं हेच मुलांचे खरे मित्र' असं भाषण त्याने लिहिलं, पाठ केलं आणि बिट्टीकडूनही घोकून घेतलं. पोर निळ्या फळीकडे बघत ते घडाघडा म्हणायची. मला नुसता संताप यायचा.

परीक्षक यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. बघते तर निळ्या फळीत एक फट, फळीवर वाळलेला सरस आणि त्याला चिकटलेला पुठ्ठ्याचा तुकडा. ओट्यावर वाकलेलं उलथणं. बिट्टी जेवणाच्या टेबलाखाली बसून वाचत होती.

"आधी ते जागेवर ठेव!" दादा ओरडला, तेवढ्यात बेल वाजली.

परीक्षक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंनी फटीत बोट फिरवलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "भरलेली कपाटं सगळीकडे पाहिली. पुस्तक कपाटाबाहेर असलेलं हे पहिलंच घर."

बक्षीस दादाला मिळालं. "आमच्याकडे हे असंच चालू असतं," तो म्हणाला. जनाची नाही तर मनाची तरी!

संध्याकाळी त्याने फर्मान काढलं, "ते पुस्तक आता परत ठेवायचं नाही. फट राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले तेव्हा बिट्टीचा दुसरा भाग संपला होता. मुलगी विहिरीतून वर आली होती, पण आता भर नदीत तिच्या होडीला भोक पडलं होतं.

"बाबा, तिसरा भाग?"

"एक फट पुरे. दोन झाल्या तर पसारा वाटतो."

बिट्टीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि माझं डोकं फिरलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, उलथणं पायाखाली दाबून सरळ केलं आणि गुपचूप तिच्या हातात दिलं.

मग दादाला म्हटलं, "चल गॅलरीत. तुझं ते भाषण मला पुन्हा ऐकायचंय. अगदी सावकाश म्हण."