वाढण्यापुरतं

धाकटीने पिशवी भरायचं सोडून दिलं. "ताई, त्या हॉस्पिटलात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. जीव गेला तरी चालेल!"

सोमवारी तिचं दुसरं ऑपरेशन होतं. पहिल्यात गर्भाशय काढलं, हे नवऱ्याखेरीज सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नणंद त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात देखरेखीला. सगळे जेवायला बसलेले असताना तिने विचारलं, "म्हणजे आता मूल नाहीच ना गं?" धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. अहो, देवसुद्धा माणसाच्या मनातलं सगळं जाणतो, पण चारचौघांत बोलतो का कधी?

नणंदेला सांगितलं कुणी? स्वयंपाकघरात पेशंटचं जेवण दाखवणाऱ्या स्क्रीनने. आणि हॉस्पिटलच्या सगळ्या पेशंटची माहिती ठेवणारा डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीत कामाला कोण? ताईच!

ताई तणतणतच ऑफिसात शिरली. जेवणाचा प्लगिन म्हणजे डेटाबेसला बाहेरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. त्याला हवं होतं एवढंच, की कुणाला मऊ द्यायचं, कुणाला अळणी. पण एकदा जोडला, की कुठल्याही प्लगिनला डेटाबेसचं सगळं कपाट उघडं. कोण मागतंय, कशाला मागतंय, विचारणारं कुणी नाही. अशी तपासणी घालू द्या म्हणून ती कधीची साहेबांच्या मागे लागली होती.

"घाल बाई," साहेब म्हणाले. "फक्त स्वयंपाकघराला सूट दे. त्यांची कटकट फार. शिवाय तो प्लगिन आपलाच, परका थोडाच आहे?"

"माझ्या बहिणीचं दुखणं परक्याने नाही चव्हाट्यावर आणलं, साहेब! तुम्हीही तिथलेच पेशंट, तुमचीही फाइल त्याच कपाटात आहे. सूट दिली तर तीही उघडी. देऊ?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नको."

रागारागाने, पण एकेक ओळ पारखून तिने लिहिलं: प्लगिनने काही मागितलं, की आधी कुणासाठी मागतोय ते सांगायचं. त्या माणसाला जेवढी परवानगी, तेवढंच हाती पडेल.

शनिवारी बदल चालू झाला. दुपारी ताई धाकटीकडे असतानाच नणंदेचा फोन.

"अहो ताई, काय करून ठेवलंय हे? पेशंटला झालंय काय, ते दिसतच नाही!"

"जेवायला काय द्यायचं ते दिसतंय?"

"ते दिसतंय, पण..."

"मग वाढा!"

ताईने फोन आपटला.

"माझ्या नावापुढे काय दिसेल त्यांना?" धाकटीने विचारलं.

"मऊ. मीठ कमी."

धाकटी हसली नाही. पण तिने पिशवी पुढे ओढली आणि कपडे आत कोंबायला लागली.