कोब्याखालचं तोंड

मी तुमच्या पायांखालून बोलतोय. मी खडीचा खांब. जयगडच्या खाडीकाठी, दाजींच्या अंगणात, माडाच्या उंचीइतका खोल वाळूत उभा आहे.

डोंगरातला काळा दगड फोडून माझी खडी झाली. यंत्राने वाळूत पाइप घुसवला आणि त्यातून मला खाली सोडलं. घराभोवती माझी भावंडंही अशीच उभी राहिली. हा हट्ट दाजींच्या नातीचा, ऋतिकाचा. ती इंजिनिअरिंग शिकते. नवं घर बांधताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, इथली वाळू भुसभुशीत, त्यात पाणी भरलेलं. जमीन जोरात हादरली तर पाणी कोंडेल आणि वाळूची पेज होईल. पेजेवर घर उभं राहील का?"

कोंडलेलं पाणी माझ्यातून वर चढून तोंडावाटे बाहेर पडावं, यासाठीच माझा जन्म.

पण शिमग्याआधी, ऋतिका वसतिगृहात असताना, दाजींनी अंगणभर सिमेंटचा कोबा घातला. आमची तोंडं बुजली.

सणाला घरी आलेली ऋतिका भडकली. "आजोबा, हे काय केलंत?"

"अगो, पोरं अनवाणी पालखी नाचवणार. खडी टोचली तर देवीला काय तोंड दाखवू?"

"आणि भूकंप झाला तर?"

"त्याला आमंत्रण धाडलंस काय? माझ्या जन्मात ही जमीन हलली नाही."

"तुमचा जन्म म्हणजे खाडीचं वय नव्हे!"

"बरं, पालखी जाऊ दे. मग फोड."

तिने पालखीपर्यंत थांबायचं कबूल केलं. मोठ्यांचा मान, दुसरं काय!

पालखी नाचून गेली. कोबा फोडायला सवड मिळण्याआधीच ऋतिकाला कॉलेजला परतावं लागलं. दाजींनी कोब्यावर सुकट वाळत घातली. "पावसापर्यंत असू दे," म्हणाले.

परवा दुपारी जमीन थरथरली. मांडणीवरची भांडी किणकिणली. माजघरात ऋतिकाची तान्ही भाची आरोही पाळण्यात झोपली होती. "ट्रक गेला असेल," दाजी म्हणाले.

ट्रक नव्हता. चहूकडून पाणी माझ्याकडे धावलं, वर चढलं, कोब्याला धडकलं आणि मागे फिरलं. हादरा लहान होता, म्हणून निभावलं. मात्र पायरीजवळ कोबा तडकला आणि फटीतून ओली, बारीक वाळू उकळी फुटल्यासारखी वर आली. "कोणाच्या पायांनी आली ही?" म्हणत दाजींनी ती झाडून टाकली. ऋतिकाला कोणी कळवलंही नाही.

पाणी अजून माझ्या अंगाला टेकून आहे.

ऋतिका, घरी ये. या वेळी कोणाला विचारत बसू नकोस. आधी कोबा फोड, भांडण नंतर कर.