पाहुण्यांना काम सांगायचं नसतं

मित्रांनो, मी एक जुना पाहुणा आहे. दारात चपला काढणारा आणि हातात पिशवी घेऊन येणारा पाहुणा नव्हे हं! मला हातच नाहीत, तर पिशवी कुठून धरणार? आजारी माणसाची सेवा कशी करायची हे घरबसल्या शिकवणारी एक ऑनलाइन शाळा आहे. त्या शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला एक भूमिका दिली जाते. व्यवस्थापक, शिक्षक, विद्यार्थी, आणि सगळ्यांत शेवटी मी, म्हणजे पाहुणा. ज्याला जी भूमिका मिळेल, तेवढ्याच परवानग्या त्याला मिळतात.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत झाला. खाली दिवसभर शिलाई मशीन धडधडायचं आणि वर चष्मेवाली ताई कंप्युटरवर ही शाळा बांधत बसायची. टेबल डुगडुगू नये म्हणून तिनं एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. व्यवस्थापकाला तिनं सगळ्या किल्ल्या दिल्या. शिक्षकाला धडे मांडण्याची आणि शेरे लिहिण्याची मुभा दिली. विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची आणि आपलं काम पाठवण्याची सोय केली. झालं, असं म्हणून ती हात झटकणार, तेवढ्यात मागे भाजी निवडत बसलेली तिची आई म्हणाली, "आणि माझ्यासारखीला नुसतं डोकावून बघायचं असेल तर? मला कोण आत घेणार गं?"

ताई खळखळून हसली आणि तिनं मला लिहून काढलं. "हा घे तुझा पाहुणा," ती आईला म्हणाली. "याला धडे सगळे दाखवायचे, पण कामाला हात लावू द्यायचा नाही. घरी कुणी आलं की तू ताटसुद्धा उचलू देत नाहीस ना, तसंच."

त्या माउलीनं तो एक प्रश्न विचारला नसता, तर मी जगात आलोच नसतो. तिचे उपकार मी कसे विसरेन?

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. माझ्या दारातून कितीतरी माणसं आली. मुलीला या शाळेत घालावं की नाही म्हणून एक वडील आधी स्वतः सगळे धडे बघून गेले. एक गाडीवाला गिऱ्हाइकाची वाट बघता बघता तापाच्या पट्ट्या कशा ठेवायच्या ते शिकला. एका बाईंचा नवरा दवाखान्यातून घरी आला होता. उशी कुठे सरकवायची एवढं त्या पाहून गेल्या, आणि परत कधी आल्या नाहीत. नवरा बरा झाला असेल, असं मी आपलं धरून चालतो. "सगळ्यांत जास्त वर्दळ आपल्या पाहुण्याकडेच!" असं ताई म्हणायची, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

मग शाळा मोठी झाली. एका संस्थेनं ती चालवायला घेतली आणि ताई दुसऱ्या कामाला लागली. माझं नाव पानाच्या तळाशी गेलं, तेही इतक्या बारीक अक्षरांत की म्हाताऱ्या डोळ्यांना दिसूच नये. माझ्याकडे येणारी माणसं हळूहळू कमी झाली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बोलायची परवानगी मला नव्हतीच, मग तक्रार तरी कुठे करणार!

संस्थेच्या ऑफिसात सगळ्या किल्ल्या एका काकांकडे होत्या. काका म्हणजे अगत्याचा पुतळा. कुणी ऑफिसात आलं की आधी खुर्ची, मग पाणी, मग चहा, आणि मग "काय काम काढलंत?" एके दिवशी त्यांच्याकडे मोठ्या सिस्टर शिकवायला आल्या. या बाईंनी उभं आयुष्य दवाखान्यात काढलं होतं. काका भारावून गेले. त्यांनी कंप्युटरवर भूमिकांची नावं वाचली आणि मान हलवली.

"एवढ्या मोठ्या बाई, त्यांना काय नुसतं शिक्षक म्हणायचं? छे छे! त्या आपल्या पाहुण्या आहेत, पाहुण्या!"

असं म्हणून त्यांनी माझ्या नावावर क्लिक केलं. पाहुणचारात कसर नको म्हणून सिस्टरपुरते, विद्यार्थ्यांनी आपल्या कामाचे पाठवलेले व्हिडिओही मला उघडून दिले. मला तर काय करावं कळेना. आनंदही झाला आणि काळजीही वाटली. बाई शिकवायला आल्या आहेत, आणि मी तर त्यांना एक अक्षरही लिहू देऊ शकत नाही!

सिस्टर घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. वर कोपऱ्यात "पाहुणा" लिहिलेलं दिसलं, तेव्हा त्यांना काकांचं कौतुकच वाटलं. मग त्यांनी पहिला व्हिडिओ लावला.

तो चिमणीचा होता. चिमणी हे तिचं घरातलं लाडाचं नाव, कारण अंगानं एवढीशी आणि आवाजही तेवढाच. तिची आत्या मोठ्या आजारानंतर अंथरुणाला खिळली होती. आत्याला धड बोलता येत नव्हतं. तिला कुशीवर कसं वळवायचं, हे चिमणीनं करून दाखवलं होतं. एका वृद्धाश्रमानं चिमणीसाठी नोकरी राखून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणलं तरच. आणि प्रमाणपत्र मिळायला शिक्षकांचा शेरा हवा होता. तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

सिस्टरनी व्हिडिओ बघितला आणि लगेच कपाळाला आठी घातली. "अगं, खांद्यावर हात ठेवून नुसती उभी काय राहिलीस? वळव की! वेळ कशाला घालवतेस?" असं म्हणत त्या शेरा लिहायला गेल्या. पण लिहायला जागाच नव्हती. इकडे शोधलं, तिकडे शोधलं, चष्मा पुसून पुन्हा शोधलं. "माझंच काहीतरी चुकत असणार," असं पुटपुटत त्या बसून राहिल्या. काकांना विचारायचीही त्यांना लाज वाटली. एवढं आगतस्वागत केलेल्या माणसाला बटण सापडत नाही, हे सांगायचं कसं?

मग त्या रोज बसून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघू लागल्या. मी ओरडून सांगू पाहत होतो की बाई, चूक तुमची नाही हो! पण माझ्या तोंडाला कुलूप.

तिकडे चिमणीचा जीव टांगणीला लागला होता. बाकीचेही शेऱ्याची वाट बघत होते, पण नोकरीची मुदत संपत आली होती ती फक्त तिची. शेवटी तिनं ऑफिसात फोन केला. काकांनी तो सवयीनं स्पीकरवर ठेवला.

"काका, सिस्टरना सांगा ना, नापास केलं तरी चालेल. पण काहीतरी बोला म्हणावं. आत्या रोज डोळ्यांनी विचारते, काय झालं म्हणून. मी काय सांगू तिला?"

काकांनी सिस्टरना तडक बोलावून घेतलं. खुर्ची झाली, पाणी झालं, पण चहाचं मात्र ते विसरले.

"बाई, पोरीचं नुकसान होतंय हो. दोन ओळी लिहायला काय हरकत होती?"

"अहो, पण लिहू कुठे? जागा तर दाखवा!"

"म्हणजे काय? तुम्ही तर आमच्या पाहुण्या!"

मग काकांनी चष्मेवाल्या ताईला फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. ताई आधी हसली आणि मग गंभीर झाली. "काका, तुमच्या घरी पाहुणे आले तर त्यांना भांडी घासायला लावता का? नाही ना? मग माझ्या पाहुण्यालाही मी काम करू देत नाही. सिस्टरना शिक्षक करा, आत्ताच्या आत्ता!"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. शरमून ते म्हणाले, "शिक्षक कशाला? मी त्यांना व्यवस्थापकच करतो. सगळ्या किल्ल्या तुमच्या, बाई!"

"नको हो," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या किल्ल्या घेऊन मी काय करू? माझ्या कामापुरती एक द्या."

काकांनी ती दिली. मग त्यांचा सगळा राग माझ्यावर निघाला. "हा पाहुणाच मेला घोळ घालतो. पुसूनच टाकतो याला!" त्यांचं बोट बटणावर गेलं. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. एवढीच का आपल्या आयुष्याची दोरी, असं मनात आलं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "त्याला पुसू नका. त्याच्यामुळे तर मी वाचले."

काकांनी बोट मागे घेतलं.

"मला पहिल्या दिवशी लिहिता आलं असतं ना, तर मी पोरीची चूक काढून मोकळी झाले असते. लिहिता येईना, म्हणून नुसती बघत बसले. तेव्हा कुठे दिसलं मला. ती वेळ घालवत नाहीये. ती हळूच विचारते, 'आत्या, वळवू का?' आणि आत्या पापण्या मिटून हो म्हणेपर्यंत थांबते. अहो, जिला बोलता येत नाही, तिची परवानगी घेतेय ती! मी आयुष्यभर माणसं वळवली, काका. इतकं थांबून कुणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही."

तिथेच बसून त्यांनी शेरा लिहिला: "उत्तीर्ण. विचारून थांबतेस, ती सवय कधीही सोडू नकोस." काकांनी त्याच दिवशी प्रमाणपत्र पाठवलं, आणि मग त्यांना चहाची आठवण झाली.

तेव्हापासून दर नव्या वर्गाच्या सुरुवातीला सिस्टर एक दिवस माझ्या दारानं आत येतात. "आज मी पाहुणी," असं स्वतःशीच म्हणतात आणि नुसतं बघतात. काकांनीही माझं नाव तळाशीच ठेवलं, पण अक्षरं मोठी केली. मी त्यांचा आभारी आहे.

चिमणीला नोकरी मिळाली. तिनं सगळ्यांना वाचता येणाऱ्या पानावर सिस्टरना लिहिलं होतं, म्हणून मलाही वाचता आलं. वृद्धाश्रमात एक आजोबा कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हते. सगळे त्यांना वैतागले होते. चिमणी त्यांच्यापाशी गेली, "आजोबा, वळवू का?" असं विचारलं आणि उभी राहिली. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

म्हणून सांगतो, मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती कसल्या ना कसल्या किल्ल्या येतील. त्या जपून ठेवा, कामापुरत्याच वापरा. आणि दुसऱ्याचं दार उघडण्याआधी त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर जरा जास्त थांबा.

मी अजून तळाशीच आहे. कधी वाटलं तर या, निवांत बसा, हवं तेवढं बघा. तुम्हाला मी काम सांगणार नाही.