तेविसाव्या फेरीची घंटा

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर लोखंडी स्टँडवर एक पितळी घंटा टांगली आहे. तिची दोरी तुमच्या हातात आहे. चारही बाजूंनी वीस हजार माणसं बसली आहेत, आणि तुम्हाला ती घंटा वाजवायची आहे. फक्त एकदा, अगदी ठरलेल्या क्षणी. थांबा, इतक्यात दोरी ओढू नका. अजून नऊ फेऱ्या बाकी आहेत.

तर या घंटेजवळ उभे होते आजोबा. पांढरी टोपी, निळा कोट, छातीवर पंचांचा बिल्ला. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. धावणारीला आपण कितव्या फेरीत आहोत ते सांगता येत नाही. विसाव्या फेरीनंतर तिला स्वतःचा पत्ता विचारला तरी ती बावचळेल. म्हणून रेषेजवळ एक पंच लागतो. सगळ्यात पुढची धावपटू रेषेवरून गेली की तो पाटीवरचा आकडा एकाने उतरवतो, आणि एकच फेरी उरली की घंटा वाजवतो. वर काचेच्या खोलीत यंत्रही मोजत असतं, पण यंत्र जे काही बोलायचं ते शर्यत संपल्यावर बोलतं.

आजोबा एकतीस वर्षं हे काम करत होते. पोटापाण्याला नटबोल्टच्या गोदामात मोजणीदार होते, आणि सुट्टी मिळाली की मैदानावर येऊन माणसं मोजायचे. मोजणं त्यांच्या अंगातच मुरलं होतं. घराच्या चौसष्ट पायऱ्या ते रोज मोठ्याने मोजत चढायचे, जणू काल रात्रीत कोणी एखादी पळवली असावी. आजी म्हणायची, यांना बोहल्यावर चढवलं तेव्हाही हे पाहुणे मोजत होते, माझ्याकडे बघितलं ते दुसऱ्या दिवशी.

त्यांची नात आठ वर्षांची. आजोबा तिला बाईसाहेब म्हणत. एवढ्या मोठ्या स्पर्धेला ती पहिल्यांदाच येणार होती. आदल्या दिवशी आजोबांनी तिला समोर बसवून नियम सांगितले. ओरडायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. आणि हात तर मुळीच हलवायचा नाही, कारण पंचाने लोकांकडे बघायचं नसतं. एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

"मग मी काय करू?" नातीने विचारलं.

"मोज," आजोबा म्हणाले.

म्हणून तिने आजीच्या डब्यातून पंचवीस बटणं काढून फ्रॉकच्या डाव्या खिशात भरली. पुढची धावपटू रेषेवरून गेली की एक बटण उजव्या खिशात. आजीने विचारलं की यात गंमत कसली, तर म्हणाली, गंमत नाही, काम आहे.

आता पुन्हा त्या नऊ फेऱ्यांकडे येऊ. सगळ्यांच्या पुढे एक उंच मुलगी धावत होती, पिवळ्या बनियनमधली. गेल्या तीन मोठ्या स्पर्धांत ती चौथी आली होती. चौथ्याला पदक नसतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्याच देशाची आणखी एक मुलगी, तशाच पिवळ्या बनियनमधली, सगळ्यांच्या मागे पडली होती. इतकी मागे, की उंच मुलगी तिला जवळजवळ गाठतच आली होती.

आणि नेमकं त्याच वेळी आजोबांच्या मनात आलं की नातीने अजून एकदाही हात कसा हलवला नाही? हलवला असता तर कडेच्या नजरेला तरी जाणवला असता.

हलवू नकोस असं त्यांनीच बजावलं होतं हे खरं. पण लहान मूल ते, एवढं कसं ऐकतंय? बरं वाटत नसेल का? उन्हाचा त्रास झाला असेल का? शेजारी बसलेल्या आजीला झोप लागली असेल का? आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा आजोबांनी मान वळवून वर बघितलं.

नात तिसऱ्या रांगेत होती. खाली मान घालून बटणांचा हिशोब बघत होती.

आजोबांना हायसं वाटलं. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून पिवळं काहीतरी रेषेवरून गेलं आणि सवयीच्या हाताने पाटी फिरवली. आठ. पण ती मागे पडलेली मुलगी होती. आजोबांनी मान सरळ केली तर समोरून उंच मुलगी रेषेवर आली. हाताने पुन्हा पाटी फिरवली. सात. उंच मुलीने सात वाचलं. तिला बरंच वाटलं असणार. शर्यतीत नकोशी फेरी कमी झाली तर तक्रार कोण करतं?

मग सहा, पाच, चार, तीन, दोन. मग पाटीवर एक आला आणि आजोबांनी दोरी ओढली.

घंटेचा आवाज मैदानभर घुमला. उंच मुलगी बाणासारखी सुटली. इतकी वर्षं पोटात साठवलेली चौथी जागा जणू आजच मागे टाकायची होती. लोक उभे राहिले. आणि त्या उभ्या राहिलेल्या लोकांच्या पायांमधून वाट काढत नात खाली कठड्यापाशी आली.

ती ओरडली नाही. तिने हाक मारली नाही. हातही हलवला नाही. तिने फक्त तळहात पुढे धरला, आणि त्यावर दोन बटणं होती.

आजोबांनी ती बघितली. एक निळं, एक त्यांच्याच जुन्या कोटाचं. नातीला मोजायला त्यांनी स्वतः शिकवलं होतं आणि ती चुकत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे कोण चुकलं हे कळायला फारसा वेळ लागला नाही.

वेळ नव्हताच. उंच मुलगी अर्ध्या मिनिटात फेरी संपवून रेषेवर येणार होती, शर्यत संपली असं समजून थांबणार होती, आणि मागच्या एकेक करून तिच्या पुढे जाणार होत्या. त्याआधी तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ती होती मैदानाच्या पार पलीकडे.

आजोबांनी ‘दोन’ लिहिलेली पाटी उपसली आणि ते धावले. गवतावरून, सरळ मैदानाच्या मधून. कोट मागे फडफडत होता, टोपी पहिल्या दहा पावलांतच पडली. भालाफेकीच्या पंचाने घाबरून लाल निशाण वर केलं आणि भाला घेऊन धावत आलेला पहिलवान जागच्या जागी थांबला. वीस हजार लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. ते टाळ्या वाजवू लागले.

"अजून एक आहे," आजोबा पाटी डोक्यावर धरून ओरडले. "बाळा, दमानं घे, अजून एक फेरी आहे."

उंच मुलीने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन मी करत नाही. पण तिने वेग आवरला. शेवटची खरी घंटा मुख्य पंचांनी स्वतः वाजवली, कारण आजोबा तेव्हा पलीकडच्या गवतावर गुडघे धरून उभे होते. तिच्या पायांतला निम्मा जीव खोट्या फेरीत गेला होता. शेवटच्या वळणावर मागची एक तिला येऊन भिडली, आणि छातीभर अंतराने उंच मुलगी दुसरी आली.

आजोबा तिच्याकडे माफी मागायला गेले. ती गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. 

"तुम्ही आला नसतात, काका," ती म्हणाली, "तर मी रेषेवर थांबून हात वर केले असते. सगळ्या जगासमोर." मग जराशी हसली. "पण पाटी उलटी धरली होतीत."

मुख्य पंच भला माणूस होता. त्यांनी परोपरीने सुचवून बघितलं की दोन सारखे पिवळे बनियन होते, उन्हाची तिरीप होती, कोणाचीही गफलत झाली असती, तसंच लिहा. आजोबांनी अहवालाचा अर्ज घेतला आणि ‘चूक का झाली’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: नात हात हलवत नाही म्हणून वर बघितलं.

मुख्य पंचांनी ते दोनदा वाचलं. "हे असंच लिहायचं?"

"तसंच झालं," आजोबा म्हणाले. बिल्ला काढून त्यांनी अर्जावर ठेवला, जणू कागद वाऱ्याने उडून जाईल. उद्याच्या शर्यतीला दुसरं कोणी बघा, एवढंच सांगून ते निघाले.

 बसमध्ये आजी म्हणाली, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा धावलात, आणि तेही आडवे." आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं. नातीने खिशातली बटणं मुठीत दाबून धरली, वाजू नयेत म्हणून.

घराच्या पायऱ्या आजोबा मोजल्याशिवाय चढले. आजी पुढे कुलूप काढायला गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते बसले आणि नातीला म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही व्हा पुढे. मी येतोच."

ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "अठ्ठावीस झाल्या, आजोबा," ती म्हणाली. "पुढच्या मी मोजते."

आणि मोठ्याने मोजत ती वर गेली. चौसष्ट झाल्यावर आवाज थांबला. आजोबांनी दार वाजायची वाट बघितली. दार वाजलं नाही. तेव्हा त्यांनी मान वर केली.

नात कठड्यावरून वाकली होती. त्यांनी वर बघितलेलं पाहताच तिने हात हलवला. आधी एक, मग दोन्ही, पंचवीस फेऱ्यांचे राहिलेले सगळे.